वंगणाची पारख

प्रस्तावना

मोटारगाडी ही आज केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. टॅक्सी, टेम्पो, मालवाहू गाडी यांच्यावर असंख्य कुटुंबांचा उदरनिर्वाह अवलंबून आहे. गाडीच्या किमतीच्या मानाने तिच्या इंजिनात घातल्या जाणाऱ्या तेलाचा खर्च अगदी अल्प असतो. परंतु या तेलाची निवड चुकली किंवा ते वेळेवर बदलले गेले नाही, तर इंजिनचे मोठे काम निघते आणि दीर्घकाळाची कमाई खर्ची पडते. प्रस्तुत पाठात इंजिन ऑइलचे कार्य, त्याचे प्रकार आणि त्याची पारख करण्याची रीत यांची माहिती दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हांला –
- इंजिनातील वंगणाचे कार्य सांगता येईल;
- तेलाच्या डब्यावरील अंक व अक्षरे यांचा अर्थ लावता येईल;
- निरनिराळ्या तेलांची तुलना करून योग्य तेलाची निवड करता येईल;
- रूढ समजुती आणि शास्त्रीय वस्तुस्थिती यांतील फरक स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

१. दुकानातील प्रश्न

मोटारींच्या सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात इंजिन ऑइलच्या डब्यांची रांग मांडलेली असते. एका डब्याची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट असते. एकावर ‘२०डब्ल्यू-५०’ असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यावर ‘०डब्ल्यू-२०’. कर्ज काढून नवी टॅक्सी घेतलेला चालक अशा रांगेपुढे उभा राहिला, की त्याच्या कानावर निरनिराळे सल्ले येतात. कोणी सांगतो, “दाट तेल घ्या, इंजिन टिकेल.” कोणी म्हणतो, “सर्वांत महाग तेच सर्वांत चांगले.” कोणी दोन बोटांमध्ये तेलाचा थेंब चोळून त्याची ‘ताकद’ सांगतो.

या सल्ल्यांमागे अनुभव असतो, हे खरे. परंतु तो अनुभव बहुधा जुन्या इंजिनांचा असतो. इंजिनांची रचना बदलली, तसे त्यांचे तेलही बदलले. म्हणून तेल पारखण्यासाठी बोटांपेक्षा डब्यावरील मजकुराचा आधार घेणे अधिक सुरक्षित ठरते. हा मजकूर वाचता येण्यासाठी प्रथम तेलाचे काम समजून घेतले पाहिजे.

२. तेल कोणकोणती कामे करते?

बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. लाकडावर लोखंड किंवा लोखंडावर लोखंड घासू नये, हा तिचा हेतू. इंजिनातही मूळ तत्त्व तेच असते. मात्र तेथील परिस्थिती कितीतरी अधिक कठीण असते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन एका सेकंदात ५० वेळा वर-खाली होतो. पिस्टनच्या वरच्या बाजूला जळणाऱ्या वायूंचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

अशा स्थितीत क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक अत्यंत पातळ थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढीच भरते. पंप तेथे तेल आणून पोचवतो. पण दोन धातूंना वेगळे ठेवणारा दाब शाफ्टच्या फिरण्यातूनच निर्माण होतो. फिरणारा शाफ्ट आपल्याबरोबर तेल ओढतो, ते निमुळत्या जागेत पाचरीसारखे शिरते आणि शाफ्टला उचलून धरते. म्हणजे चालू इंजिनातील शाफ्ट धातूवर टेकलेला नसतो; तो तेलावर तरंगत असतो.

झीज रोखणे हे तेलाचे पहिले काम झाले. याशिवाय ते पिस्टन व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांमधील सूक्ष्म फट भरून काढते, धातूला गंजू देत नाही आणि काजळी स्वतःमध्ये सामावून घेते. गंजण्याचा धोका क्षुल्लक नसतो. एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतांश धुरांड्यातून बाहेर पडते; परंतु थोडा अंश रिंगांच्या फटींतून खाली तेलापर्यंत पोचतोच.

इंजिन सुरू होण्याचा क्षण सर्वांत नाजूक असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील तेल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते. किल्ली फिरवल्यावर ते पुन्हा सर्व भागांपर्यंत पोचेस्तोवर आणि इंजिन नीट तापेपर्यंत होणारी झीज ही एकूण झिजेचा मोठा भाग असते. म्हणूनच तेल थंड असताना किती सहज वाहते, याला फार महत्त्व आहे.

३. दाटपणाची भाषा

द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला शास्त्रात ‘श्यानता’ म्हणतात. व्यवहारात आपण तिला दाटपणा म्हणतो. मध दाट, पाणी पातळ. तेलाचा दाटपणा मात्र स्थिर नसतो. तापले की ते पातळ होते आणि थंडावले की दाट होते. १५डब्ल्यू-४० जातीच्या नेहमीच्या तेलाचा ४० अंशांवर जितका दाटपणा असतो, त्याचा साधारण सातवा हिस्साच १०० अंशांवर उरतो.

बोटांत तेल चोळून पाहण्याची परीक्षा येथेच फसते. ती परीक्षा हाताच्या तापमानाला होते. इंजिनात तेलाला काम करावे लागते ते १०० अंशांच्या आसपास. बोटांना पातळ वाटणारे तेल तापलेल्या इंजिनात योग्य जाडीचा थर देऊ शकते. उलट बोटांना भरीव वाटणारे तेल सकाळच्या वेळी अरुंद मार्गांतून सावकाश सरकते आणि तोवर धातूला आधार मिळत नाही.

दाटपणा मोजून त्याची प्रतवारी करण्याची पद्धत अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ या संस्थेने १९११ साली घालून दिली. तिचे आद्याक्षरी नाव ‘एसएई’ असून ते आजही प्रत्येक डब्यावर आढळते. त्यापुढील ‘५डब्ल्यू-३०’ यासारख्या खुणेचे दोन भाग असतात.

‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावातील पहिले अक्षर आहे. त्याच्या अलीकडील अंक थंडीतील वर्तन दाखवतो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही. इंजिन थंडीत फिरू शकेल की नाही, याची चाचणी २०डब्ल्यू तेलासाठी उणे १५ अंशांवर, १५डब्ल्यूसाठी उणे २०, १०डब्ल्यूसाठी उणे २५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांवर घेतली जाते. आडव्या रेघेनंतरचा अंक तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. १०० अंशांवर ५० या अंकाचे तेल ४० पेक्षा, ४० चे ३० पेक्षा आणि ३० चे २० पेक्षा दाट असते.

द्रास किंवा लेहच्या हिवाळ्यात पहिल्या अंकाचे महत्त्व कोणालाही पटेल. मुंबई किंवा चेन्नईत पारा शून्याखाली कधीच जात नाही. मग तेथे या अंकाचा काय उपयोग, असा प्रश्न पडू शकतो. परंतु १०० अंशांवर काम करणाऱ्या तेलाच्या दृष्टीने मुंबईची २५ अंशांची सकाळदेखील थंडच असते. लहान पहिल्या अंकाचे तेल तेथेही सामान्यतः लवकर पोचते.

याच कारणाने नागपूरच्या उन्हाळ्यासाठी आपल्या मनाने अधिक दाट तेल घालण्याची प्रथाही तपासून पाहावी लागते. बाहेर ४५ अंश तापमान असले, तरी इंजिनचे तापमान थर्मोस्टॅट आणि पंखा यांच्या साहाय्याने ठरावीक मर्यादेत राखले जाते. चढाचा रस्ता, अवजड ओझे किंवा सततचा भरधाव वेग यांनी तेल अधिक तापते, हे खरे. अशा वापरासाठी कोणते तेल चालेल, हे काही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत तापमानाच्या तक्त्यासह दिलेले असते. निर्णय त्या तक्त्यावरून घ्यावा. अंदाजाने घेऊ नये.

४. दर्जाची अक्षरे

दोन तेलांचा दाटपणा सारखा असला, तरी त्यांचा दर्जा सारखा असतोच असे नाही. दर्जा ठरतो तो प्रामुख्याने तेलात मिसळलेल्या पूरक रसायनांवरून. काही रसायने इंजिन धुऊन स्वच्छ ठेवतात, तर काही काजळीचे कण एकत्र येऊन गाळ होऊ देत नाहीत. जस्त व फॉस्फरसयुक्त रसायन धातूवर संरक्षक लेप तयार करते; तेलाचा थर तुटण्याची वेळ आली, तर प्रथम तो लेप झिजतो आणि धातू वाचतो. लांब साखळीची बहुवारिके तापलेल्या तेलाला प्रमाणाबाहेर पातळ होऊ देत नाहीत.

हा दर्जा ‘एपीआय’ म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अक्षरांनी दर्शवला जातो. ‘एस’ने सुरू होणारा दर्जा पेट्रोल इंजिनांसाठी, तर ‘सी’ने सुरू होणारा डिझेल इंजिनांसाठी असतो. पेट्रोल गटात दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा अलीकडचा. ‘एसएल’ २००१ मध्ये, ‘एसएन’ २०१० मध्ये, ‘एसपी’ २०२० मध्ये आणि ‘एसक्यू’ २०२५ मध्ये प्रचारात आला. डिझेल गटात ‘सीआय-४’ हा दर्जा २००२ मध्ये, तर ‘सीके-४’ २०१६ मध्ये आला.

नवी अक्षरे केवळ जाहिरातीसाठी येत नाहीत. टर्बो बसवलेल्या आणि सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या लहान इंजिनांत, कमी वेगात जोर लावला असता, इंधन अवेळी पेटून पिस्टन फुटण्याचा धोका आढळून आला. तेलातील कॅल्शियमयुक्त रसायनांशी या दोषाचा संबंध असल्याचे लक्षात आल्यावर तेलाची घडण बदलण्यात आली. ‘एसपी’ दर्जात या दोषाविरुद्धची चाचणी समाविष्ट आहे.

५. खनिज, अर्धसंश्लेषित आणि संश्लेषित तेल

पहिल्या महायुद्धाच्या काळातील काही विमानांच्या इंजिनांत चक्क एरंडेल वापरले जात असे. ते उत्तम वंगण होते. पण तापल्यावर त्याचा चिकट थर साचे. पुढे कच्च्या खनिज तेलापासून काढलेली वंगणे सर्वत्र रूढ झाली. भारतात मुंबई, चेन्नई आणि हल्दिया येथील शुद्धीकरण कारखान्यांत अशा वंगणांचे मूळ तेल तयार होते.

खनिज तेलात लहानमोठे अनेक प्रकारचे रेणू मिसळलेले असतात. हलके रेणू उष्णतेने उडून जातात, तर मेणासारखे रेणू थंडीत गोठू लागतात. संश्लेषित म्हणजे सिंथेटिक तेलातील रेणू रासायनिक प्रक्रियेने घडवलेले आणि बरेचसे एकसारखे असतात. त्यामुळे असे तेल थंडीत वाहते, उष्णतेत टिकते आणि सावकाश खराब होते. अर्धसंश्लेषित तेल हे या दोहोंचे मिश्रण असते. परंतु त्यात संश्लेषित तेलाचा वाटा किती, हे केवळ नावावरून कळत नाही.

मग महाग तेलच घ्यावे काय? ज्या इंजिनासाठी उत्पादकाने ०डब्ल्यू-२० सांगितले आहे, तेथे प्रश्नच उरत नाही. इतके प्रवाही तेल साध्या खनिज तेलापासून बनवणे शक्य होत नाही. मात्र जुन्या, साध्या इंजिनासाठी १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० खनिज तेल सांगितले असेल आणि ते वेळेवर बदलले जात असेल, तर ते पुरेसे असते. वर्षभर न बदललेल्या महाग तेलापेक्षा वेळेवर बदललेले योग्य दर्जाचे साधे तेल इंजिनाचे अधिक रक्षण करते.

६. कार्यक्षमता आणि संरक्षण यांचा मेळ

पातळ तेल ढवळण्यास इंजिनाची शक्ती कमी खर्च होते. त्यामुळे इंधनाची थोडी बचत होते. दाट तेल अधिक जाड थर देते. परंतु त्यासाठी शक्ती व इंधन खर्ची पडते. या दोन टोकांमधील समतोल इंजिनाच्या रचनेतच साधलेला असतो. बेअरिंगमधील फट, पंपाची क्षमता आणि तेलमार्गांची रुंदी ही एका ठरावीक दाटपणाचा विचार करून ठरवलेली असते. म्हणून ‘सर्वांत चांगले तेल’ असे काही नसते. ‘या इंजिनासाठी योग्य तेल’ असते.

पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

(अ) *अलीकडची डिझेल गाडी* : भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली. तेव्हापासून डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी बसवली जाते. अडकलेली काजळी जाळून टाकता येते. पण तेलातील धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही. ती गाळणीत साचत जाते आणि अखेर महागडी गाळणी तुंबते. अशा गाडीला कमी राखेचे तेलच लागते. युरोपातील वाहन उत्पादकांच्या ‘एसीईए’ या संघटनेने त्यासाठी ‘सी’ गट निश्चित केला आहे. हा ‘सी’ आणि एपीआयचा डिझेलसाठी असलेला ‘सी’ हे वेगवेगळे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

(आ) *मोटारसायकल* : बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायने असू शकतात. ती क्लचच्या चकत्यांमध्ये शिरली, की क्लच घसरू लागतो. म्हणून मोटारसायकलसाठी ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही जपानी खूण असलेले तेल घ्यावे. बहुसंख्य गिअरविरहित स्कूटरांचा क्लच कोरडा असतो. त्यांच्यासाठी ‘एमबी’ ही खूण पुष्कळदा सांगितलेली असते.

(इ) *जुनी, झिजलेली गाडी* : फटी वाढल्यामुळे तेल जळू लागले, तर उत्पादकाने मान्य केलेल्या पर्यायांपैकी किंचित दाट तेल वापरल्याने काही काळ दिलासा मिळतो. परंतु दाट तेल झिजलेला धातू भरून काढत नाही. तो तात्पुरता उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

७. निगा आणि दक्षता

तेल काळे झाले म्हणजे ते निकामी झाले, अशी एक समजूत आहे. वास्तविक काजळी स्वतःकडे ओढून घेणे हे तेलाचे कामच आहे. डिझेल गाडीत नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते. तेल कधी बदलावे, हे रंगावरून न ठरवता किलोमीटर आणि महिने यांवरून ठरवावे आणि यांपैकी जी मर्यादा आधी पूर्ण होईल, ती पाळावी. थोडे अंतर जाऊन पुन्हा पुन्हा थांबणारी गाडी किलोमीटरच्या हिशेबाने कमी चाललेली दिसते. पण तिचे तेल पुरेसे तापत नाही, त्यातील पाणी व पेट्रोल उडून जात नाही आणि ते लवकर बिघडते. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा.

तेलाची पातळी तपासण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक काढावी, पुसावी, पुन्हा घालावी आणि मग पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. पातळी खाली गेली तर तेल जळते आहे किंवा गळते आहे. ती आपोआप वर चढली तर तेलात इंधन किंवा पाणी मिसळत असण्याचा संभव असतो. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. गरजेपेक्षा जास्त तेल घालणेही अपायकारक असते. फिरत्या भागांनी ते घुसळले जाऊन त्यात फेस होतो.

गाडी चालू असताना तेलदाबाचा लाल दिवा लागला, तर “पुढच्या पंपापर्यंत जाऊ” असा विचार करू नये. तेलाचा दाब गेल्याची ती सूचना असते. धातू काही क्षणांतच धातूला भिडतो आणि इंजिन जाम होते. गाडी तत्काळ सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करणे, हाच एक मार्ग असतो.

खरेदी करताना डब्याचे सील तपासावे आणि पावती घ्यावी. रिकाम्या डब्यांत हलके तेल भरून विकण्याचे प्रकार घडतात; म्हणून रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा. काढलेले जळके तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. मात्र शुद्धीकरण करून त्यापासून पुन्हा वंगण बनवता येते. म्हणून ते अधिकृत संकलकाकडेच पोचले पाहिजे.

८. समारोप

दुकानातील त्या रांगेपुढे उभ्या असलेल्या चालकाने प्रथम आपल्या गाडीची माहितीपुस्तिका उघडावी. तीत सांगितलेला दाटपणा, दर्जा आणि लागणारे प्रमाण कागदावर लिहून घ्यावे. मग तीच अक्षरे ज्या डब्यावर असतील, त्या डब्यांची किंमत ताडून पाहावी. एवढे केले, तर विक्रेत्याच्या आग्रहाला किंवा ऐकीव सल्ल्याला बळी पडण्याचे कारण उरत नाही. डब्यावरची चार अक्षरे वाचता येणे ही लहान गोष्ट वाटते. परंतु ज्याची रोजी-रोटी त्या इंजिनावर चालते, त्याच्यासाठी ती मोठी कमाई असते.

तुम्ही काय शिकलात?
- तेल झीज रोखते, उष्णता वाहून नेते, फटी भरते, गंज टाळते आणि इंजिन स्वच्छ ठेवते.
- ‘एसएई’चे अंक दाटपणा दाखवतात, ‘एपीआय’ची अक्षरे दर्जा दाखवतात.
- दाट किंवा महाग तेल नेहमीच चांगले असते असे नाही. ते इंजिनाला अनुरूप असले पाहिजे.

स्वाध्याय
१. ‘५डब्ल्यू-३०’ या खुणेतील दोन्ही अंकांचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
२. बोटांत तेल चोळून त्याची पारख करणे चुकीचे का ठरते?
३. कारणे द्या : मोटारीचे तेल मोटारसायकलमध्ये घालू नये.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या वाहनाची माहितीपुस्तिका पाहून त्याला लागणाऱ्या तेलाचा दाटपणा, दर्जा व प्रमाण यांची नोंद करा.